कुन्नूरचा हेलिकॉप्टर अपघात : ‘मानवी चूक’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे : ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूतल्या कुन्नूरजवळ तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. पुढच्या महिन्यात हवाई दलाने सांगितलं की यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता आणि निष्काळजीपणाही नव्हता. मग तीन वर्षांनी संसदेच्या समितीच्या अहवालात कारण छापून आलं, ‘मानवी चूक’. यातलं खरं कोणतं? आणि रडार, ऑटोपायलट असं सगळं असलेलं हेलिकॉप्टर नुसत्या धुक्यामुळे डोंगरावर आदळतं तरी कसं?

मी हवाई दलात वीस वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टर उडवली, त्यातली बरीचशी डोंगराळ भागात. शेवटची काही वर्षं नव्या वैमानिकांना शिकवण्यात गेली. या अपघाताच्या चौकशीशी माझा काही संबंध नव्हता; जे जाहीर झालंय त्याच्या आणि स्वतःच्या अनुभवाच्या आधारावर लिहितोय. उत्तर आधीच सांगून टाकतो : दोन्ही विधानं खरी आहेत, आणि त्यांच्यात विरोध वाटतो कारण ‘चूक’ हा शब्द ऐकला की आपण लगेच दोषी शोधायला लागतो. ते नीट कळायला ढग, डोंगर आणि माणसाचा कान या तिन्हींत थोडं शिरावं लागेल.

आधी घटना. हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोइम्बतूरजवळच्या सुलूर तळावरून सकाळी ११ वाजून ४८ मिनिटांनी निघालं. कुन्नूरजवळच्याच वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजमध्ये जनरल रावत प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांशी बोलणार होते. १२ वाजून १५ मिनिटांनी उतरायचं होतं. १२ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास सुलूरच्या हवाई नियंत्रण कक्षाचा संपर्क तुटला. पोहोचायला सात मिनिटं उरली होती. आत १४ जण होते. १३ जण त्याच दिवशी गेले. ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवडाभर झुंजले आणि १५ डिसेंबरला बंगळुरूच्या रुग्णालयात त्यांचंही निधन झालं. एअर मार्शल मानवेंद्र सिंग यांच्या अध्यक्षतेखाली तिन्ही दलांची कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. ब्लॅक बॉक्समधला आवाज आणि उड्डाणाची नोंद तपासली गेली, साक्षीदारांना विचारलं गेलं. १४ जानेवारी २०२२ ला प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाला : दरीतलं हवामान अनपेक्षितपणे बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला स्थितिभ्रम झाला (म्हणजे आपण कुठे आहोत, कसे कललोय याचा अंदाज चुकला) आणि त्यातून ‘कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन’ प्रकारचा अपघात झाला. म्हणजे धडधाकट आणि वैमानिकाच्या ताब्यात असलेलं यंत्र जमिनीवर आदळलं.

आता त्या दरीकडे बघू. सुलूर मैदानात आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरच्या आसपास. वेलिंग्टन सुमारे १८५० मीटरवर. म्हणजे २७ मिनिटांच्या उड्डाणात जवळपास दीड किलोमीटर चढ, आणि हा चढ सगळ्या वाटेवर सारखा विभागलेला नाही. बराच वेळ खाली सपाट शेतं, नारळाच्या बागा, आणि मग निलगिरीचा डोंगर एकदम समोर उभा राहतो. मेट्टुपाळयमहून निघणाऱ्या आगगाडीला याच चढावर दातेरी रूळ लागतात, यावरून कल्पना येईल.

डिसेंबरमध्ये तिकडे ईशान्य मोसमी पावसाचा शेवटचा काळ असतो. मैदानातली हवा ओलसर असते. ऊन चढलं की डोंगराचा उतार तापतो, त्याला लागून हवा वर सरकायला लागते, वर जाताना गार होते आणि एका उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. खालून पाहणाऱ्याला तो ढग दिसतो. त्याच उंचीवर राहणारा माणूस त्याला धुकं म्हणतो. आंबोलीला किंवा महाबळेश्वरला ज्यांनी पाच मिनिटांत समोरचं झाड गायब होताना पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. असा ढग वाऱ्याबरोबर लांबून येत नाही, तो जागच्या जागी तयार होतो. सुलूरला आकाश मोकळं, वेलिंग्टनच्या हेलिपॅडवरचा माणूस फोनवर सांगतोय की इथे ठीक आहे, आणि मधल्या दरीत पांढरी भिंत उभी राहिलेली, असं अगदी होऊ शकतं. कारण मधल्या दरीत हवामान पाहून सांगणारं कुणी बसलेलं नसतं. ‘हवामानात अनपेक्षित बदल’ हे शब्द वाचून अनेकांना ती सारवासारव वाटली. मला वाटली नाही. डोंगरात उडणाऱ्या प्रत्येकाने ही भिंत कधी ना कधी पाहिलेली असते.

मग ढगाच्या वरून का जात नाहीत? हा प्रश्न मला नातेवाइकांनीही विचारलाय, आणि तो बरोबर आहे. उपकरणांवर, म्हणजे बाहेर न बघता उडायचं असेल तर एक ‘सेफ्टी हाइट’ पाळावी लागते. डोंगराळ भागात आसपासच्या सगळ्यात उंच जागेच्या वर सर्वसाधारणपणे २००० फूट, म्हणजे सुमारे ६०० मीटर. निलगिरीतलं दोड्डबेट्टा शिखर २६३७ मीटरचं. म्हणजे ३२०० मीटरच्या वर जावं लागलं. एमआय-१७ तिथे सहज जातं. पण गेल्यावर खाली उतरायचं कसं? विमानतळावर उतरायला रेडिओ किरणांची वाट असते, तिला धरून विमान ढगातून धावपट्टीपर्यंत येतं. डोंगरातल्या बहुतेक हेलिपॅडना अशी वाट नसते, आणि चहूबाजूंनी कडे असताना ती आखणंही अवघड. म्हणून डोंगरातल्या हेलिपॅडला जाणारं उड्डाण जवळजवळ नेहमी डोळ्यांच्या भरवशावर होतं : जमीन दिसत राहील इतकं खाली राहायचं, ओळखीच्या खुणा धरायच्या, दरीतून वर चढायचं. एखादी नदी, रस्ता किंवा रेल्वेमार्ग धरून जाणं ही तर आमची जुनीच रीत. अपघाताआधीचा जो काही सेकंदांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, तो निलगिरी रेल्वेच्या रुळांजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांनी काढलेला होता. त्या व्हिडिओवरून कारणं काढू नयेत, पण त्यात दिसणारी एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते : हेलिकॉप्टर ढगात शिरताना एका झटक्यात दिसेनासं होत नाही, आधी पुसट होतं. आतल्या माणसालाही जग असंच आधी पुसट होत जातं. एका क्षणी झाडं दिसत असतात, थोडी धूसर. पुढच्या क्षणी दिसत नाहीत.

आता कान. आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यात द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. तांब्यात पाणी घेऊन तांब्या गरकन फिरवा. सुरुवातीला पाणी जागेवरच असतं, मग हळूहळू तांब्याच्या गतीने फिरायला लागतं, आणि तांब्या थांबवला तरी पाणी काही वेळ फिरतच राहतं. फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरतं ते याच कारणाने. ढगातल्या वैमानिकाच्या बाबतीत यातून दोन घातक गोष्टी होतात. वळण अगदी हळू सुरू झालं, सेकंदाला साधारण दोन अंशांहून हळू, तर कानाला ते कळतच नाही. आणि एकाच वळणात पंधरा-वीस सेकंद राहिलं तर द्रव नळीच्या गतीला येऊन मिळतो, आणि वळत असूनही आपण सरळ चाललोय असं वाटायला लागतं. तेव्हा खरोखर सरळ केलं की शरीर ओरडून सांगतं, तू उलट्या बाजूला कलतोयस.

कानात आणखी एक भाग आहे, तो गुरुत्वाकर्षण ओळखतो. पण त्याला गुरुत्वाकर्षण आणि वेगवाढ यांतला फरक कळत नाही. डोळ्यांना काही दिसत नसताना वेग वाढवला, तर नाक वर उचललं गेल्यासारखं वाटतं. मग हात आपोआप नाक खाली करतो.

जमिनीवर या सगळ्या चुका डोळे क्षणात दुरुस्त करतात. क्षितिज दिसलं की भ्रम संपतो. ढगात क्षितिज नसतं. असतं ते फक्त समोरच्या पॅनलवर, आर्टिफिशियल हॉरिझन नावाच्या उपकरणात.

माझा स्वतःचा प्रसंग सांगतो. ईशान्येकडची एक दरी, पावसाळ्याचा शेवट. मी कॅप्टन होतो, शेजारी युनिटमध्ये येऊन काही महिनेच झालेला तरुण को-पायलट. दरी तशी रुंद होती आणि मला वाटलं की समोरचा पांढरा पट्टा पातळ आहे, पलीकडची टेकडी दिसतेय. ती टेकडी नव्हती, ढगाचाच गडद भाग होता. आत शिरलो. मी उपकरणांवर नजर आणली, वर चढायला सुरुवात केली, सगळं शिकवल्याप्रमाणे. अर्ध्या मिनिटात मला स्पष्ट जाणवायला लागलं की आम्ही उजवीकडे कललोय. पॅनलवरचं क्षितिज सांगत होतं, सरळ आहात. मला पुस्तकातलं सगळं पाठ होतं, मी ते इतरांना समजावून सांगायचो, आणि तरी माझा हात डावीकडे दाब द्यायला बघत होता. माझ्या हाताकडे बघत तो पोरगा शांतपणे म्हणाला, “सर, लेव्हल आहे. काही करू नका.” चार-पाच मिनिटांनी आम्ही ढगाच्या वर उन्हात आलो. उतरल्यावर माझी मान एका बाजूने आखडली होती. एवढा वेळ मी डोकं डावीकडे झुकवून बसलो होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दरी रुंद होती म्हणून हे सांगायला मी आहे.

त्या वेळी मला भ्रम होतोय हे मला कळलं होतं. विमानवैद्यकात याला दुसऱ्या प्रकारचा स्थितिभ्रम म्हणतात. पहिला प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्यात माणसाला कळतच नाही. यंत्र व्यवस्थित चाललंय, आपण हवं तिकडे जातोय, असा त्याचा पूर्ण विश्वास असतो, आणि प्रत्यक्षात तो थोडा खाली किंवा थोडा बाजूला सरकलेला असतो. कुन्नूरच्या निष्कर्षात ‘स्थितिभ्रम’ आणि ‘ताब्यात असलेलं यंत्र जमिनीवर’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात कसे, असं काहींनी विचारलं होतं. ते एकत्र बसतात ते याच पहिल्या प्रकारामुळे. ताबा सुटलेला नसतो. आपण कुठे आहोत याची खात्री चुकलेली असते. तिसरा प्रकारही असतो, त्यात माणूस गोठूनच जातो, पण तो क्वचित.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना सगळं दिसेनासं होईल अशा परिस्थितीत घातलं. विसाच्या वीस जणांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांना जसाच्या तसा लावणं अन्यायाचं होईल. त्यांना उपकरणांवर उडता येतं, त्याच्या व्हाइट, ग्रीन, मास्टर ग्रीन अशा श्रेणी असतात आणि दरवर्षी परीक्षा असते. पण तो प्रयोग विमानांचा होता, आणि विमानाची काठी सोडली तर ते थोडा वेळ तरी स्वतःहून सरळ जातं. हेलिकॉप्टरचा स्वभाव तसा नाही, त्याला सतत धरून ठेवावं लागतं. आणि बाहेर बघून उडत असताना अचानक आत बघून उडायला लागणं, हा बदल करायला कसलेल्या माणसालाही काही सेकंद लागतातच. डोळे आत आणायचे, उपकरणांवरून नजर फिरवायची, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा, आणि शेजारच्याला सांगायचं की आता आपण ढगात आहोत.

ते काही सेकंद किती महाग असतात, याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवायचो. ताशी २०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. पुढे ५०० मीटर दिसत असेल, तर डोंगर दिसल्यापासून आदळेपर्यंत नऊ सेकंद. त्याच वेगात २० अंश कलून मागे फिरायचं ठरवलं तर पूर्ण उलटं व्हायला सुमारे ५० सेकंद लागतात आणि दरीची रुंदी लागते १७०० मीटर. आता वेग निम्मा करा, ताशी १००. तेच वळण २४ सेकंदांत आणि ४३० मीटरच्या आत होतं. वर चढण्याचंही तसंच. सेकंदाला ८ मीटर चढत असाल तर ताशी २०० च्या वेगात १०० मीटर उंची मिळवायला ७०० मीटर पुढे जावं लागतं. निम्म्या वेगात ३५० मीटर पुरतात. म्हणून आमचा पहिला नियम हा, की दिसणं कमी व्हायला लागलं की आधी वेग कमी करायचा. पण समोर पुसट व्हायला लागलं की माणसाला पटकन पार व्हावंसं वाटतं, आणि ही ओढ नियमाच्या बरोबर उलट दिशेची असते.

उपकरणांबद्दल विचारलंय, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात गैरसमज फार आहेत. एमआय-१७ व्ही-५ वर हवामानाचं रडार असतं, ऑटोपायलट असतो, आधुनिक पडदे असतात. पण हवामानाचं रडार पावसाचे मोठे थेंब पाहतं. धुक्याचे थेंब इतके बारीक की त्याच्या दृष्टीने तिथे काहीच नसतं. ऑटोपायलट सांगितलेली उंची आणि दिशा धरून ठेवतो, पण समोरची जमीन वर येतेय हे त्याला माहीत नसतं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा जगात आहे आणि ती चांगली आहे, मात्र अरुंद दरीतून खाली उडताना जमीन सगळीकडूनच जवळ असते. इशारे इतके वाजत राहतात की खरा इशारा त्यातून वेगळा ऐकू येणं मुश्कील होतं. यंत्रं उपयोगाची आहेतच. पण ढगात शिरण्याआधी जो निर्णय घ्यायचा असतो, तो माणसालाच घ्यावा लागतो.

आणि त्या निर्णयावर दडपण असतं. मी कुन्नूरच्या त्या उड्डाणाबद्दल बोलत नाही, सर्वसाधारण सांगतो. मागे बसलेला मोठा अधिकारी सहसा एक शब्दही बोलत नाही. त्याची गरजच नसते. हेलिपॅडवर गाड्या रांगेत उभ्या आहेत, सभागृह भरलंय, कार्यक्रम मिनिटा-मिनिटाचा छापलेला आहे, हे क्रूला माहीत असतं. सात मिनिटं उरली असताना परत फिरणं हे वीस मिनिटं उरली असताना फिरण्यापेक्षा कितीतरी जड जातं. शिवाय मोठ्या माणसाच्या उड्डाणाला युनिटमधला सगळ्यात अनुभवी क्रू दिला जातो. कुन्नूरला कॅप्टन होते विंग कमांडर पृथ्वी सिंह चौहान, स्वतः युनिटचे कमांडिंग ऑफिसर, आणि त्यांच्यासोबत स्क्वाड्रन लीडर कुलदीप सिंग. अनुभवाने माणूस उत्तम वैमानिक होतो, हे खरंच. पण अशा ढगातून पूर्वी दहा वेळा सुखरूप बाहेर आलेलो असतो, ही आठवणही अनुभवाबरोबरच येते.

जाता जाता एक गोष्ट मनात राहते. ग्रुप कॅप्टन वरुण सिंग लढाऊ विमानांचे वैमानिक होते. २०२० मध्ये तेजसची नियंत्रणप्रणाली हवेत बिघडली असताना त्यांनी ते विमान सुखरूप उतरवलं आणि त्यासाठी त्यांना शौर्यचक्र मिळालं. जनरल रावत यांना घ्यायला ते सुलूरला गेले होते. त्या दिवशी ते मागे प्रवासी म्हणून बसले होते. मागे बसल्यावर समोरचं पॅनल दिसत नाही, दिसते ती फक्त बाजूची खिडकी, आणि तिच्यात पांढरं.

तर आता ‘चूक’ आणि ‘निष्काळजीपणा’. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातल्या हवाई दलाच्या ३४ अपघातांची माहिती आली. त्यात कुन्नूरच्या अपघातापुढे कारण लिहिलं होतं, मानवी चूक, हवाई क्रू. बातम्या झाल्या की सरकारने अखेर वैमानिकांना दोष दिला. खरं तर ते कारणांच्या वर्गवारीतलं एक घर आहे. प्रत्येक अपघात कुठल्या तरी घरात टाकावा लागतो : तांत्रिक बिघाड, पक्ष्याची धडक, मानवी चूक वगैरे. यंत्र ठीक होतं, घातपात नव्हता, वैमानिकाला स्थितिभ्रम झाला, म्हटल्यावर या अपघाताला दुसरं घरच नाही. निष्काळजीपणा हा मात्र निवाडा असतो. नियम माहीत असून मोडला, करायला हवं ते केलं नाही, असं सिद्ध झालं तरच तो शब्द वापरता येतो. कानातल्या द्रवाने फसवलेल्या माणसाची चूक झालीच, पण तो निष्काळजी होता असं त्यातून निघत नाही.

या दोन शब्दांची गल्लत झाली की काय होतं, हे ब्रिटनने भोगलंय. २ जून १९९४ च्या संध्याकाळी रॉयल एअर फोर्सचं चिनूक हेलिकॉप्टर उत्तर आयर्लंडमधून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसकडे निघालं होतं. चार जणांचा क्रू आणि २५ प्रवासी, त्यात उत्तर आयर्लंडमधले अनेक वरिष्ठ गुप्तचर अधिकारी. मल ऑफ किन्टायर या भूशिरावर धुकं होतं. हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं, २९ जण गेले. त्यावर ब्लॅक बॉक्स नव्हता, ना आवाजाची नोंद, ना उड्डाणाची. त्या वेळचा नियम असा होता की मृत वैमानिकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवायचा तर तीळमात्र शंका उरता कामा नये. तरीही चौकशीच्या वरच्या टप्प्यावर हवाई दलाच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी फ्लाइट लेफ्टनंट जोनाथन टॅपर आणि रिचर्ड कुक यांना ‘घोर निष्काळजीपणा’साठी दोषी धरलं. त्या चिनूकच्या इंजिन नियंत्रणाच्या संगणकप्रणालीबद्दल खुद्द संरक्षण खात्याच्या चाचणी केंद्रातच शंका व्यक्त झाल्या होत्या, ही गोष्ट बाजूला राहिली. घरच्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. शेवटी २०११ मध्ये लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर तो ठपका काढून टाकला गेला आणि संरक्षणमंत्र्यांनी कुटुंबांची माफी मागितली. हेलिकॉप्टर का आदळलं, हे मात्र आजही ठामपणे सांगता येत नाही. ठपका ठेवल्याने सुरक्षिततेत कणभरही भर पडली नाही.

कुन्नूरच्या चौकशीने निष्काळजीपणा नाही असं म्हटलं तेव्हा हे माझ्या मनात होतं. त्यांच्याकडे ब्लॅक बॉक्स होता, दोन्ही नोंदी होत्या, आणि त्या ऐकून त्यांनी ते वाक्य लिहिलं. माझा त्यावर विश्वास आहे.

पण ‘मानवी चूक’ लिहून फाइल बंद केली तर मला ते पटणार नाही. कारण ही चूक एकट्या भारताची किंवा एका क्रूची नाही. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात मदतकार्य करताना गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ खराब हवामानात कोसळलं, २० जण गेले. मे २०२४ मध्ये इराणचे अध्यक्ष इब्राहिम रईसी यांचं बेल २१२ डोंगरात कोसळलं. तपासात दाट धुकं हेच मुख्य कारण निघालं. ताफ्यातली दुसरी दोन हेलिकॉप्टर त्याच हवामानातून सुखरूप गेली होती. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याजवळ बावधनला खासगी हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि तिघे गेले, तेव्हाही दाट धुकं होतं. सह्याद्रीवरून पावसाळ्यात उडणाऱ्या खासगी हेलिकॉप्टरांकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो. त्यातल्या अनेकांत एकच वैमानिक असतो. “काही करू नका” म्हणणारा शेजारी कुणी नसतो.

काय करता येतं? बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये स्थितिभ्रमाचा प्रत्यक्ष अनुभव देणारा सिम्युलेटर आहे. तिथे बसून आलेला वैमानिक बदलून येतो, कारण आपला कान खोटं बोलतो हे वाचणं वेगळं आणि खुर्चीत बसून स्वतः फसणं वेगळं. पण असा अनुभव महिन्यांनी विरतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. दोन्ही वैमानिकांचं काम आधीच वाटून घ्यावं लागतं : पुसट व्हायला लागलं की एकाने ताबडतोब फक्त उपकरणांकडे बघायचं, दुसऱ्याने बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे फिरण्याची जागा जमिनीवरच ठरवून ठेवायची. उडण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये नकाशावर बोट ठेवून म्हणायचं, या नदीच्या वळणावरून डोंगराची पुढची धार दिसली नाही तर परत. तिथे पोहोचल्यावर विचार करायचा नाही, तो आधीच केलेला असतो. हवेत, कार्यक्रमाची घाई डोक्यात असताना, चांगला निर्णय सुचेल यावर मी कधी भरवसा ठेवला नाही.

एकदा मी असाच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला घेऊन चाललो होतो. ठरलेल्या वळणावर पुढची धार दिसली नाही. मी वेग कमी केला, वळलो आणि तळावर परत आलो. त्यांचं उद्घाटन होतं, माणसं वाट बघत होती. उतरल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, जीप मागवली आणि सहा तासांच्या डोंगररस्त्याने निघाले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “उद्या हवा मोकळी असली तर मला आणायला या.” का फिरलात, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या युनिटमध्ये ती गोष्ट बरेच दिवस सांगितली जात होती, आणि त्या मोसमात त्या वळणावरून परत येणाऱ्या उड्डाणांची संख्या वाढली.